चाळीस ओहम

चंद्रपूरच्या वर्कशॉपात नवी पोरं कामाला लागली की गुणवंतराव त्यांना ही गोष्ट एकदा सांगतातच. दिवसा सांगत नाहीत. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढायचं, हाताचं ग्रीस चिंधीला पुसायचं, आणि मग स्टुलावर बसून. "माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराची गोष्ट आहे," एवढंच आधी म्हणतात. "खोटी वाटली तर धानोऱ्याला जाऊन विचारा."

तो पोरगा म्हणजे अश्वजित. मोठ्या मशिनी विकणाऱ्या एजन्सीत नोकरीला होता. पाना-हातोडीचा मिस्त्री नव्हे, लॅपटॉप आणि मीटर घेऊन फिरणारा. हल्लीची पोकलेन म्हणजे नुसतं लोखंड राहिलेलं नाही. तिच्यात छोट्या कॉम्प्युटरचे चार डबे असतात. एक इंजिनाचा, एक पंपाचा, एक हँडलचा आणि एक ड्रायव्हरपुढच्या स्क्रीनचा. दोन पिळलेल्या तारांवर हे चौघं एकमेकांशी सारखे बोलत असतात. हँडल म्हणतं, बूम, म्हणजे पुढचा लांब हात, उचल. पंपाचा डबा ते ऐकतो आणि बूम उठतो. तारेत खोट आली की बोलणं तुटतं आणि मशीन जागच्या जागी उभी राहते. मग अश्वजितला फोन जायचा.

दोन हजार तेवीसच्या नोव्हेंबरची एकवीस तारीख होती, मंगळवार. सकाळीच प्रफुलचा फोन आला. धानोऱ्यापुढे जंगलातून रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, त्या साइटचा हा इंजिनीयर. "पोकलेन बंद आहे. स्क्रीनवर 'संपर्क नाही' असं येऊन राह्यलं. आजच्या आज ये. उद्या साहेब लोक येतात."

साहेब लोक कोणते, ते तो बोलला नाही. अश्वजितनंही विचारलं नाही. दुपारी जेवून तो जीप घेऊन निघाला. मूल गाव मागे पडलं, मग गडचिरोली. धानाची कापणी आटपत आली होती आणि बांध्यांमधून धानाचे ढीग, पुंजणे, लागले होते. धानोऱ्याला त्यानं चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, हत्ती या अंगाला आले आहेत, अंधार पडल्यावर थांबू नको कुठे. तो साइटवर पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते.

नाल्यावर पूल व्हायचा होता. एका बाजूला खोदलेला खड्डा, त्याच्या काठावर पोकलेन, आणि साठ-सत्तर पावलांवर प्रफुलचा कंटेनर. त्यातच त्याचं ऑफिस आणि त्यातच झोपणं. चौकीदार इतवारी शेकोटी पेटवत बसला होता. केस पिकलेला, जवळच्याच गावचा माणूस.

"इतवारीभाऊ, लच्छू कुठी आहे?" अश्वजितनं विचारलं. लच्छू म्हणजे या मशिनीचा ऑपरेटर. भेट एकदाच झालेली, पण फोनवर बोलणं नेहमीचं.

इतवारीनं हातातली काडी मोडली. "तुले सांगतलं नाई यायनं?"

"काय?"

"शनवारी राती गेला तो. याच मशिनीनं."

अश्वजितच्या डोक्यात पहिल्यांदा आली ती नऊ तारखेची रात्र.

त्या रात्री लच्छूचा फोन आला होता. ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या हाताला एक लाल दांडा असतो, त्याला लॉक म्हणतात. तो वर ओढला की हँडलं मुकी होतात, मशीन हलत नाही. खाली उतरण्याआधी ऑपरेटर तो वर ओढतोच. त्या लॉकची वायर आत कुठेतरी घासली होती आणि मशीन घडीघडी बंद पडत होती. प्रफुल मागे उभा राहून ओरडत होता, ते फोनवर ऐकू येत होतं. अश्वजित तेव्हा वणीकडे दुसऱ्या कामावर होता. त्यानं सांगितलं, लॉकच्या दोन तारा सोल आणि थेट जोडून दे, जंपर कर, म्हणजे मशीन चालेल.

"मंग लॉक कामाचाच नाई राहीन ना, सर?" लच्छूनं विचारलं होतं.

"एका रातीचा प्रश्न आहे. उद्याच नवी वायर पाठवतो."

वायर त्यानं खरंच पाठवली, दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं. पण बसवली का, हे फोन करून विचारलं नाही. बसवली असेल, असं धरून चालला.

अश्वजित शेकोटीपासून तसाच कंटेनरमध्ये गेला. प्रफुल कॉटवर बसून जेवत होता. कॉटखाली खोकं होतं. त्यावर अश्वजितच्याच अक्षरात पत्ता. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"हे काऊन बसवलं नाई?"

"चार घंटे मशीन उभी ठेवा लागते," प्रफुल म्हणाला. "मले वरून रोज फोन. महिनाअखेर पूल पायजे."

"लच्छू बोलला नाई का?"

"रोजच बोले. लई किरकिर होती त्याची." प्रफुलनं ताट बाजूला सारलं. "हे पाय, तो पिऊन होता. लॉक न लावता उतरला, मशिनीपुढे गेला, बूम फिरला. तसं लिहून दिलं आहे आम्ही. तू मशीन चालू कर आन् आतलं जुनं रेकॉर्ड साफ कर. उद्या कामगार खात्याचे साहेब येतात पाहाले."

पंपाच्या डब्यात सगळं लिहिलेलं राहतं. तारेवरचं बोलणं कधी तुटलं, कधी जुळलं, तारीख आणि वेळेसकट. अश्वजितनं ते पुसायचं होतं. त्या ताटासकट प्रफुलला उचलून नाल्यात फेकावं असं त्याला वाटलं. पण त्या वायरी जोडायला कोणी सांगितलं होतं, हे त्याला स्वतःला माहीत होतं. तो बाहेर येऊन शेकोटीशी बसला. इतवारीनं दिलेली भाकर त्याच्या हातात तशीच राहिली.

गरम असताना तारेतली खोट लपून राहते. थंडी पडली, तार आखडली, की ती उघडी पडते. म्हणून अकरा वाजेपर्यंत तो थांबला. नवमीचा चंद्र पश्चिमेला उतरला होता. आधी डब्यातल्या रेकॉर्डची नक्कल त्यानं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. नऊ दिवसांत एकतीस वेळा बोलणं तुटलं होतं. शेवटची नोंद शनिवारी रात्री अकरा वाजून बेचाळीस मिनिटांची होती. तुटलं, आणि दोन सेकंदांनी जुळलं. जुळताना तारेवर चुकीचा हुकूम गेला की बूम आपोआप फिरतो, लॉक चालू असता तर फिरला नसता. लच्छू तेव्हा खड्ड्याच्या भिंतीशी उभा असणार.

मग त्यानं बॅटरीचा मुख्य खटका पाडला आणि मीटर घेतला.

इथे गुणवंतराव नव्या पोरांना थांबवून विचारतात, तारेवर किती दाखवायला पाहिजे? पोरं म्हणतात, साठ. बरोबर. तारेच्या दोन टोकांना एकशे वीस ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही मिळून साठ. एक निखळला तर एकशे वीस. तारा एकमेकींना टेकल्या नसतील तर साठाहून कमी कधी दाखवत नाही.

अश्वजितच्या मीटरनं चाळीस दाखवले.

त्यानं मीटर तपासला. टोकं पुसली. पुन्हा चाळीस. चाळीस म्हणजे तारेला तिसरं टोक आहे. तिसरं कोणीतरी जोडलेलं आहे.

त्यानं पहिला रेझिस्टर काढला. आता एकशे वीस यायला पाहिजे होते. आले साठ.

दुसरा काढला. आता काहीच यायला नको होतं.

एकशे वीस.

मग त्यानं चारही डबे सोडवले. एकेक करून ताडपत्रीवर ओळीनं ठेवले. आता त्या तारेवर कोणीच नव्हतं. नुसती तार. बॅटरी बंद. मीटर लावला...

एकशे वीस.

कोणीतरी होतं.

चंद्र मावळला. एक वाजत आला होता. इतवारी शेकोटीपाशी बसूनच झोपला होता. नाल्याकडून रातकिड्यांचा आवाज येत होता तोही थांबला. अश्वजितनं डोक्याला बांधलेली टॉर्च नीट केली, डबे आणि रेझिस्टर परत जोडले आणि खटका वर केला. लॅपटॉप सीटवर ठेवला, स्वतः दाराशी, चाकांच्या जागी असते त्या लोखंडी साखळीवर उभा राहिला. तारेवर कोण कोण बोलतंय त्याची यादी पडद्यावर येते. ती आली.

इंजिन. पंप. हँडल. स्क्रीन.

आणि त्याखाली एक ओळ. तिला नाव नव्हतं.

त्या ओळीपुढे लॉकची खूण होती. लाल दांडा अश्वजितच्या हाताशी खालीच पडलेला होता. वायरी थेट जोडलेल्या, म्हणजे दांडा कसाही असो, मशीन त्याला 'खाली'च समजणार. पडद्यावर मात्र आलं...

लॉक: वर.

त्यानं डोळे चोळले.

लॉक: वर. लॉक: वर. लॉक: वर.

एकामागून एक, खालून वर सरकत जाणाऱ्या ओळी. कोणी दातओठ खाऊन तेच तेच सांगत असावं तशा. संपूर्ण पडदा भरला तरी थांबेनात.

लच्छूच हे सांगत होता. तो लॉक लावून उतरला होता. हात वर करून, दांडा ओढून, रोजच्यासारखा. आणि दांड्यात काही उरलेलं नव्हतं.

"समजलं," तो कसाबसा म्हणाला. "लच्छू, समजलं मले."

ओळी थांबल्या.

सीटखालची हवा निघाली... सुस्स. माणूस टेकला की निघते तशी. गादी खाली गेली. लॅपटॉप मागे कलला.

सीटवर कोणी नव्हतं.

साखळीवर अश्वजित नुसता उभा... आणि त्या गादीकडून त्याच्या तोंडावर जी येत होती ती थंडी नव्हती. गरम वाफ होती. इंजिन तीन दिवसांपासून बंद होतं.

"झालं का साफ?"

मागे टॉर्च घेऊन प्रफुल उभा होता. खाली उडी मारून अश्वजित प्रफुलपुढे उभा राहिला, आणि संध्याकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं.

"नाई करत साफ. तो लॉक लावून उतरला होता. तुले मालूम होतं! मेल्यावर दांडा कोणं खाली केला? तूच केला ना?"

प्रफुलनं टॉर्च खाली वळवली.

"खोकं कॉटखाली ठेवून तू त्याच्यावर झोपत राह्यला. आन् वरून त्याले बेवडा म्हणतोस?"

"जंपर कराले कोणं सांगतलं होतं?" प्रफुल दबक्या आवाजात म्हणाला. "तूच ना? मी उभा होतो बाजूले. तुले बी घेऊन बुडीन मी."

"घे. मीच सांगतलं. उद्या साहेबायपुढे पहिलं माझं नाव लिहून देतो, मंग तुझं."

"नोकरी जाईन."

"जाऊ दे."

प्रफुलनं त्याची कॉलर धरली. अश्वजितनं ती हिसडून सोडवली. इतवारी जागा होऊन धावत आला, तसा प्रफुल मागे सरला. "सकाळी साहेब यायच्या आधी डिझेल टाकून हे सारं जाळतो," एवढं बोलून तो कंटेनरकडे गेला. दार आपटलं. कडी लागली.

अश्वजितनं वळून पडद्याकडे पाहिलं. यादीत चारच नावं होती. पाचवी ओळ गेली होती. गादी वर आलेली होती.

तो थांबला नाही. खटका पाडला, पान्यानं बॅटरीचे दोन्ही जाड केबल काढले आणि जीपमध्ये टाकले. पंपाचा डबा सोडवला. जोडलेल्या तारांचे फोटो काढले. मग इतवारीला म्हणाला, "भाऊ, मले लच्छूच्या घरी ने."

गाव दीड कोसावर होतं. लच्छूची बायको बुधरी जागीच होती. अंगणात विस्तव होता आणि ती त्यापुढे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अश्वजितनं उभ्यानंच सगळं सांगितलं. वायर, फोन, जंपर. काही राखलं नाही. शेवटी हात जोडले.

बुधरीनं विस्तवात एक लाकूड सारलं. "दुसऱ्या दिसी सकारी घरी येऊन सांगतला त्यानं मले," ती म्हणाली. "'सर म्हनतात तर होईन,' म्हने. तू शिकलेला मानूस. तुले मालूम होता ना, का लॉक काढला तर का होते?"

"मालूम होता."

"मंग?"

अश्वजितचे हात जोडलेलेच राहिले.

"रातपाळीले जातानी दारूचा थेंब नाई घे तो. अन् यायनं बजारात, टेसनात, साऱ्या गावात त्याले बेवडा केला. माहा पोरगा शाळेत जात नाई दोन दिस झाले." तिचा आवाज चढला आणि शेजारच्या घरात कोणी उठल्याची चाहूल लागली. "हात नोको जोडू मले. माह्या आंगनात बोलून का उपेग? जा, त्यायच्यापुढे बोल. मी येतो संग. तू मंधात थांबला तर तिथंच पाहीन तुले."

उजाडेपर्यंत तो त्या अंगणात बसला. तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्याला ते बरोबर वाटलं.

सकाळी साडेआठला कामगार खात्याचे साहेब आले. बुधरी, इतवारी आणि गावची वीस-पंचवीस माणसं आधीच येऊन उभी होती. अश्वजितनं डबा टेबलावर ठेवला, केबल ठेवले, फोटो दाखवले, एकतीस नोंदी वाचून दाखवल्या. पहिलं वाक्य त्यानं स्वतःबद्दलच लिहून दिलं. साहेबांनी मग प्रफुलकडे पाहिलं. रात्री जाळायच्या गोष्टी करणारा माणूस आता काय काय थापा मारतो, म्हणून अश्वजित मुठी आवळून तयार होता.

प्रफुल खुर्चीवर बसला होता. अंगात कालचेच कपडे. ओठ पांढरे.

"हो," तो म्हणाला. "लॉक वर होता. मीच खाली केला."

"दारूचं?"

"...नव्हता पिऊन."

"आधी खोटं का लिहून दिलं?"

प्रफुलनं एकदा कंटेनरच्या दाराकडे पाहिलं... आणि नजर वळवली. सही कर म्हटलं तिथे त्यानं सही केली. दुपारच्या गाडीनं तो निघून गेला. त्याच्यावर केस झाली, ती अजून चालू आहे. कंत्राटदाराचं काही वाकडं झालं नाही. दुसऱ्या नावानं त्यानं दुसरा रस्ता घेतला. हे सांगताना गुणवंतराव दरवेळी शिवी हासडतात, आणि ती इथे लिहिण्यासारखी नाही. अश्वजितची नोकरी गेली. त्याचंही नाव केसमध्ये आहे, तारखांना तो हजर असतो. आता चिमूरला स्वतःचं लहानसं दुकान टाकलंय. फोनवर तो कोणाला जंपर सांगत नाही. रात्री दोनला फोन आला तरी गाडी काढून जातो. लच्छूच्या कागदावरचा 'मद्यपान' हा शब्द खोडला गेला. बुधरीनं तो कागद शाळेत नेऊन मास्तरला मोठ्यानं वाचायला लावला.

आता त्या सकाळचं एवढंच सांगायचं उरलं.

जबाब आटोपल्यावर साहेब कंटेनरकडे खोकं पाहायला गेले. अश्वजित मागोमाग होता. दाराशी येऊन साहेब थांबले. बाहेरच्या बाजूनं, छातीच्या उंचीवर, दाराच्या पत्र्यात एका ओळीत पाच खड्डे पडले होते. जाड पत्रा वीतभर आत गेलेला. सारख्या अंतरावर, पाच.

काल संध्याकाळी हे होतं का, असं साहेबांनी विचारलं. इतवारी म्हणाला, नव्हतं.

कंटेनर आणि मशीन यांच्यामधल्या मुरुमावरून आदल्या संध्याकाळीच रोलर फिरलेला होता. साखळीचा एकही वळ त्यावर नव्हता. रात्री ये-जा केलेल्या माणसांच्या पावलांचे ठसे तेवढे दिसत होते. मशीन साठ-सत्तर पावलांवर होती तिथेच होती. बूम मुडपलेला, बकेट जमिनीला टेकलेली, बॅटरीचे केबल टेबलावर.

साहेब चालत तिकडे गेले आणि बकेटपुढे वाकले. दात पाच होते. मधल्या दाताच्या टोकावर निळा रंग लागलेला होता, ताजा खरवडलेला. त्यांनी नखानं तो थोडा काढला. मान वळवून कंटेनरच्या निळ्या दाराकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावून वही मिटली.